मोकळ्या बैठकीचा भ्रम

१

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या भागातील हौशी साहित्यमंडळांतून अलीकडे एक मागणी वारंवार कानी येते. बैठकीला अध्यक्ष नको, सूत्रसंचालक नको, वेळेचे बंधन नको, विषयाची चौकट नको. जमलेल्यांनी मनाला येईल तसे वाचावे, बोलावे, वाद घालावा. मंडळ हौसेचे आहे, कुणी पगारी नाही, कुणाला परीक्षा द्यायची नाही. मग घंटी वाजवणारा माणूस समोर बसवायचा कशाला? ही मागणी करणारे बहुतेक आमचे मित्र आहेत, काही आमचे माजी विद्यार्थी आहेत आणि काही काळ आम्ही स्वतःही याच मताचे होतो. म्हणूनच या मताचा प्रतिवाद करणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमचे म्हणणे प्रारंभीच स्पष्ट करतो. नियमन नसलेली चर्चा अशी काही वस्तूच अस्तित्वात नसते. ज्या बैठकीला घोषित अध्यक्ष नसतो तिलाही अध्यक्ष असतोच. फक्त त्याची निवड झालेली नसते, त्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर नसते आणि त्याला जाब विचारण्याची सोय नसते. ज्याचा आवाज मोठा, ज्याचे वय जास्त, ज्याचे पुस्तक छापून आलेले, ज्याची भाषा प्रमाण, तो ती बैठक चालवतो. तेव्हा नियमन असावे की नसावे हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. नियमन उघड असावे की छुपे, लिखित असावे की लहरी, आणि ते करणाऱ्याला कुणी प्रश्न विचारू शकते की नाही, यावर वाद व्हायला हवा.

२

सिद्धान्ताआधी अनुभव सांगतो. आम्ही महाविद्यालयांत मराठी शिकवणारे काही जण आहोत, आणि महिन्यातून एकदा होणाऱ्या एका वाचनबैठकीशी बरीच वर्षे संबंधित आहोत. मंडळाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मध्यंतरी सुमारे दोन वर्षे आम्ही ही बैठक हौसेने 'मोकळी' ठेवली होती. अध्यक्षाची खुर्ची काढून टाकली, सतरंजीवर गोल करून बसू लागलो आणि आपण काहीतरी लोकशाहीवादी केले, असे समाधान मानू लागलो.

हिशेब साधा होता. दोन तासांची बैठक आणि वीस माणसे म्हटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. प्रत्यक्षात तीन-चार जणांनी बैठक व्यापली. निवृत्त झालेले दोघे, गझलेचा छंद असलेले एक जण आणि, हे कबूल करायलाच हवे, आमच्यापैकी काही प्राध्यापक. शिकवण्याच्या धंद्यात एक खोड लागते. पन्नास मिनिटे सलग बोलल्याशिवाय आपले म्हणणे मांडून झाले असे वाटत नाही. समोर तास संपल्याची घंटा नसेल तर ही खोड मोकाट सुटते.

अशाच एका बैठकीत एका विद्यार्थिनीने अहिराणीत लिहिलेली कविता वाचायला घेतली. साक्री तालुक्यातील एका गावातून ती येत असे. तिची आईविषयीची कविता 'मन्ही माय' या शब्दांनी सुरू झाली आणि तिथेच थांबली. कारण एका ज्येष्ठांनी मध्येच सुचवले की, 'मन्ही' ऐवजी 'माझी' केले तर रसिकांना सोपे जाईल. दुसऱ्या कुणी त्यावर विनोद केला. तिसऱ्यांनी बोलीभाषेचे काव्य आणि तिच्या मर्यादा या विषयावर दहा मिनिटे घेतली. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. कुणी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. ती मुलगी कागद हातात धरून उभी होती, आणि तिला पुढे वाचू द्या असे म्हणण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता, कारण तो अधिकार आम्हीच मोठ्या तत्त्वनिष्ठेने रद्द केला होता. आम्ही गप्प बसलो. पुढच्या महिन्यात ती आली नाही. काही दिवसांनी महाविद्यालयाच्या आवारात भेटली तेव्हा आमच्यापैकी एकीने कारण विचारले. ती एवढेच म्हणाली, "मॅडम, तिथं सगळे आधीच शिकलेले आहेत. मी काय ऐकवू?"

या वाक्याचे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही. मोकळ्या बैठकीची खरी किंमत जे बोलले त्यांच्याकडे पाहून कळत नाही. जे येईनासे झाले त्यांच्याकडे पाहून ती कळते, पण त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. दुखावलेला माणूस तक्रार करीत नाही. तो फक्त पुढच्या महिन्यात घरी थांबतो. उरलेल्यांचे आपसात पटते, आणि ते परस्परांना सांगत राहतात की, आपले मंडळ किती खेळीमेळीचे आहे, इथे कधी नियमांची गरजच पडली नाही.

३

अध्यक्षपद म्हणजे सरंजामी अवशेष, असे म्हणणाऱ्यांना आमच्याच जळगावचा एक प्रसंग आठवून द्यावासा वाटतो. १९०७ साली जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ व्यवसायाने लष्करी सेवेतील डॉक्टर आणि अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा बा. दा. बसू यांच्यासमवेतचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ साली, प्रसिद्ध झाला आणि तो आजही त्या क्षेत्रात आधारभूत मानला जातो. म्हणजे कवितेच्या दृष्टीने ते हौशीच. अशा हौशी अध्यक्षाच्या समोर धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली, आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही उपाधी दिली.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून आपण ऐकत आलो आहोत, पण तिच्यातील एका अंगाकडे आपले लक्ष जात नाही. नावाजलेल्या, वयाने वडील असलेल्या कवींच्या सभेत एका अनोळखी मुलाला उभे राहून म्हणता येते आणि सभा ते ऐकून घेते, यासाठी सभेला काही आकार असावा लागतो. क्रम असावा लागतो, दुसऱ्याच्या वाचनाच्या वेळी गप्प राहण्याचा संकेत असावा लागतो आणि तो संकेत मोडू न देणारे कुणीतरी समोर असावे लागते. सतरंजीवरच्या आमच्या मोकळ्या वर्तुळात तो मुलगा आला असता तर दुसऱ्या ओळीलाच त्याला कुणीतरी वृत्ताचा दोष सांगितला असता. अध्यक्षाचे पहिले काम बोलणाऱ्याला थांबवणे हे नव्हेच. न बोलणाऱ्याला बोलण्याजोगी जागा करून देणे, आणि बोलू लागला की ती जागा राखून ठेवणे, हे ते काम आहे. थांबवण्याचा अधिकार त्या कामापोटी येतो.

४

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बलवान म्हणणे पाहू. ते असे की, महाराष्ट्रात अध्यक्षांनी, संपादकांनी आणि निमंत्रकांनी माणसांना आत घेण्याऐवजी बाहेरच ठेवले आहे. हे म्हणणे खरे आहे, आणि ते टाळून नियमनाचा कैवार घेणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१८८५ साली पुण्यात भरलेल्या ग्रंथकारसभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. न्यायमूर्ती रानडे यांना त्यांनी लिहिलेल्या पत्राचा आशय मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. सर्व माणसांचे हक्क ज्यांना मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या ग्रंथकारसभेत जाऊन शूद्रातिशूद्रांचे काही साधणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे मराठीतील साहित्यसभांचा इतिहास आणि त्या सभांवरील आक्षेपाचा इतिहास जवळजवळ एकाच वयाचा आहे. तथापि फुल्यांनी या आक्षेपातून काय निष्कर्ष काढला, हे पाहण्यासारखे आहे. सभा, नियम, पदाधिकारी या गोष्टी त्यांनी निकालात काढल्या नाहीत. १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाला नियम होते, पदाधिकारी होते. त्यांचा विरोध, विशिष्टांनी विशिष्टांसाठी चालवलेल्या आणि तरीही सर्वांच्या म्हणवल्या जाणाऱ्या सभेला होता.

पुढच्या काळातही हेच दिसते. १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन झाले आणि त्याचे अध्यक्षपद बाबुराव बागुलांनी भूषवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच गावात, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही भरले. दोन्हीकडे अध्यक्ष होते, परिसंवादांना विषय होते, वक्त्यांना वेळ ठरवून दिलेली होती. ज्यांनी प्रस्थापित व्यासपीठ नाकारले त्यांनी व्यासपीठ हीच कल्पना नाकारली नाही. त्यांनी दुसरे बांधले. खानदेशापुरते बोलायचे तर १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी माधव जूलियन होते आणि १९८४ साली त्याच जळगावच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी 'तराळ-अंतराळ'कार शंकरराव खरात होते. या दोन तारखांमध्ये जे घडले ते खुर्ची मोडून घडलेले नाही. खुर्चीवर कुणी बसायचे, यावरील हक्क बदलल्यामुळे ते घडले. तो बदल अपुरा आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण अपुऱ्या बदलावरचा उपाय खुर्ची जाळणे हा असेल, तर ज्यांना ती आजवर मिळाली नाही त्यांना ती कधीच मिळणार नाही, एवढेच त्यातून निष्पन्न होईल.

५

जाळण्याचा विषय निघाला म्हणून 'सत्यकथा'ही आठवते. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'ची होळी केली. त्या मासिकाच्या संपादकीय अभिरुचीने मराठी साहित्याच्या मोठ्या भागाकडे पाठ फिरवली आहे, हा त्यांचा राग होता आणि तो निराधार नव्हता. लघुनियतकालिकांची चळवळ ही हौसेची, पदरमोडीची चळवळ होती. सायक्लोस्टाइल यंत्रावर अंक काढायचे, मित्रांकडून वर्गणी गोळा करायची, हाताने वाटायचे, असा तो संसार. अशोक शहाणे यांचे 'असो', ढाले यांचे 'येरू', आमच्या यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा': या प्रत्येकाला संपादक होता, आणि बहुतेक ठिकाणी तो 'सत्यकथे'च्या संपादकांपेक्षा अधिक आग्रही होता. काय छापायचे नाही, याविषयी ही मंडळी कमालीची कठोर होती. संपादकाविरुद्धच्या बंडातून संपादक नाहीसा झाला नाही; एकाचे अनेक झाले. हीच त्या बंडाची कमाई, असे आमचे मत आहे.

'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. तिच्याविषयी आज शांतपणे विचार करताना एक गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य करावी. राम पटवर्धनांसारखा संपादक लेखकाला पत्र लिहून, चर्चा करून कथेत काय खटकते ते सांगत असे. त्या सांगण्याशी भांडता येत होते. मनुष्य ज्याच्याशी भांडू शकतो असे नियमन आणि ज्याच्याशी भांडताच येत नाही असे नियमन, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जिथे साहित्य निमूट परत येते, जिथे नाव यादीतून निमूट गळते, तिथे जुलूम असतो. आमच्या मोकळ्या बैठकीत तर परत पाठवणाराही कुणी नव्हता. तरीही ती मुलगी परतच गेली. ती कुणाशी भांडणार होती?

६

धुळ्याकडे वळू, कारण हौशी मंडळाचा सर्वांत बोलका धडा तिथे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासमवेत १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. इतिहासाची आवड असलेल्यांनी एकत्र यावे, सापडलेले कागद सभेपुढे ठेवावे, त्यांवर चर्चा करावी, असे त्याचे स्वरूप होते. पगारी इतिहासकार तेव्हा होते किती? वकील, शिक्षक, इनामदार, कारकून अशी ही हौशी माणसेच होती. पुढे राजवाड्यांचे मंडळाशी पटले नाही आणि ते दूर झाले. त्यांच्या आयुष्याचा अखेरचा काळ धुळ्यात गेला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचा देह पडला. लगोलग १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, ते आजही आहे.

यातील विरोधाभास लक्षात घ्या. ज्यांचा स्वभाव कोणत्याही मंडळात फार काळ मावला नाही, त्यांचे काम मात्र मंडळाशिवाय टिकू शकले नसते. दप्तरे जपणे, याद्या करणे, कुणी काय पाहिले याची नोंद ठेवणे ही कामे एकट्याच्या प्रतिभेने होत नाहीत. आणि या इतिहासवेड्यांच्या चर्चेत व्यक्तीपेक्षा मोठा असा एक नियामक होता: अस्सल कागद. तुमचे मत काहीही असो, पुरावा दाखवा. या एका संकेतापुढे सरदार घराण्याचा वारस आणि खेड्यातला मास्तर सारखेच. राजवाडे स्वतः अनेकदा पुराव्यापुढे जाऊन तर्क लढवीत, आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी याच संकेताच्या बळावर त्यांनाही खोडून काढले. उत्तम नियम असा असतो. तो दुर्बळाच्या हाती सबळाविरुद्ध वापरता येतो. नियम नसता तर राजवाड्यांच्या दरडावणीला उत्तर देण्याची छाती कुणाची झाली असती?

७

'हौशीला नियम लावले की हौस मरते', हा आक्षेप भावनिकदृष्ट्या आकर्षक आहे, पण तो हौस म्हणजे काय हे न ओळखल्याचे लक्षण आहे. बुद्धिबळाचा छंद असलेला माणूस हत्ती तिरका चालवीत नाही. आपल्या गावागावांतील भजनी मंडळे पाहा. तिथे कुणालाही मानधन नसते, दिवसभर शेतात राबून माणसे रात्री देवळात जमतात. तिथे चाल कुणी धरायची, टाळ केव्हा चढवायचे, पुढचा अभंग कुणी घ्यायचा याची शिस्त आमच्या सर्व साहित्यमंडळांना लाजवील अशी असते. कलगी-तुऱ्याचा फड हे तर वादाचेच शास्त्र. शिव श्रेष्ठ की शक्ती श्रेष्ठ, यावर रात्र-रात्र झगडा चालायचा. पण एका पक्षाने सवाल टाकला की दुसऱ्याने आपली पाळी आल्यावर त्याच सवालाला कवनातूनच जबाब द्यायचा, हा दंडक. समोरच्याच्या कवनात मध्येच घुसून 'मला वाटते' म्हणणारा तिथे टिकला नसता. शाहिरांना हे उमगले होते की, झगड्याची रंगत त्याच्या नियमांत आहे. आपण एम. ए. होऊन ते विसरलो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियमन करणारा भाषेचा आणि अभिरुचीचा पोलीस होईल. होतो, हे आम्ही पाहिले आहे. पण इथेही आमच्याच जिल्ह्याचा दाखला पुरेसा आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात रचीत गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ते उतरवून घेतले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते शब्द महाराष्ट्रापुढे आले. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे मान्यवर कवी. आईच्या शब्दांना पुण्या-मुंबईच्या रसिकांसाठी सोपे करण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. तसे झाले असते तर आज आपल्याकडे एका चौधरी आडनावाच्या कवयित्रीची बरी, सोज्वळ, विस्मरणीय पदे असती. मध्यस्थाने मध्यस्थी केली, पण बोली बोलीच राहू दिली. नियमनाचा आदर्श आम्हाला इथे दिसतो: लिहून घ्यावे, जपावे, पोहोचवावे आणि आपली इस्त्री बाजूला ठेवावी.

आता स्वतःकडे पाहू. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. आमच्या बैठकीच्या खोलीतही त्यांची तसबीर आहे. त्यांची बोली लेवा की अहिराणी, यावर आम्ही चर्चासत्रे घेतो आणि त्यांतील भेद विद्यार्थ्यांना समजावून सांगतो. आणि त्याच तसबिरीखाली उभ्या असलेल्या मुलीला आम्ही 'मन्ही'चे 'माझी' करायला सांगू दिले. हे काम कुठल्या अध्यक्षाने केले नाही, कुठल्या संपादकाने केले नाही. मोकळ्या बैठकीने केले. ज्यांना भाषेचा पोलीस नको आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे: पोलीस नसला म्हणजे कायदा नसतो असे नाही. प्रमाण भाषेचा कायदा आपल्या सर्वांच्या डोक्यात आधीच बसलेला आहे, आणि त्याला आवर घालायलाच नियम लागतो.

८

त्या प्रसंगानंतर आम्ही नियम केले. ते थोडे आहेत आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. अध्यक्ष दर बैठकीला चिठ्ठी टाकून निवडला जातो; त्यामुळे द्वितीय वर्षाचा विद्यार्थीही अध्यक्ष होतो आणि त्याच्या प्राध्यापकाला सहा मिनिटांनी थांबवतो. अध्यक्षाने त्या दिवशी स्वतःचे काही वाचायचे नाही. वाचन चालू असताना कुणी बोलायचे नाही. पहिला अभिप्राय सर्वांत नव्या सदस्याचा, ज्येष्ठांचा शेवटी. रचनेविषयी बोलायचे, रचणाऱ्याविषयी नाही. कवीने विचारल्याशिवाय बोलीतला शब्द बदलून सुचवायचा नाही. अर्थ मात्र कुणीही विचारावा. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, अध्यक्षाने कुणाला थांबवले तर कारण तिथल्या तिथे सांगायचे आणि वहीत लिहायचे. ज्याला थांबवले त्याला त्याखाली आपले उत्तर लिहिण्याचा हक्क आहे. ती वही कुणीही, केव्हाही चाळू शकतो.

यातून चमत्कार घडला, असे सांगायला आम्ही आलेलो नाही. एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांच्या वाचनाचा आणि स्मरणशक्तीचा आम्हाला मनापासून आदर आहे, दुसऱ्याच बैठकीत "पोरासोरांनी घड्याळ दाखवावं एवढा मी स्वस्त नाही" असे म्हणून निघून गेले आणि परतले नाहीत. हे नुकसान खरे आहे. जुन्या कवींविषयी ते जे सांगत ते आता आम्हाला कुणी सांगत नाही. शिवाय काही बैठका नियमाने चालतात पण रंगत नाहीत, हेही मान्य. जुन्या मोकळ्या बैठकीत कधी कधी रात्री उशिरापर्यंत जो वाद पेटे, तो आता पेटत नाही. नियमनाची किंमत नसते, असे म्हणणारा खोटे बोलतो.

परंतु दोन किमतींतून एक निवडायची असेल तर आम्ही कोणती निवडू, याविषयी आमच्या मनात संदेह उरलेला नाही. जे ज्येष्ठ गेले त्यांना ऐकणारी माणसे शहरात जागोजाग आहेत. त्यांना व्याख्यानाला बोलावणारे लोक आहेत, त्यांची पुस्तके ग्रंथालयात आहेत. ते का गेले, हे वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेले आहे. जाण्यापूर्वी त्यांनी चार ओळींचे सणसणीत उत्तर लिहिले, आणि त्यातील एक मुद्दा पटल्यामुळे आम्ही एक नियम बदललाही. ज्येष्ठ सदस्यांना महिन्यातून नाही, पण वर्षातून एकदा सलग तासभर बोलण्यासाठी स्वतंत्र बैठक असते. ते स्वतः अद्याप आलेले नाहीत. निमंत्रण दर वर्षी जाते.

त्या मुलीच्या जाण्याची मात्र कुठे नोंद नव्हती. ती हरकत नोंदवून गेली नाही, कारण हरकत नोंदवायला पान नव्हते. वही सुरू केली त्या दिवशी आम्ही पहिल्या पानावर नियम लिहिले आणि दुसऱ्या पानावर, तारखेसह, तो प्रसंग लिहिला: कोण बोलले, किती वेळ, आणि कोण गप्प बसले. गप्प बसणाऱ्यांत आमची नावे आहेत. त्याखालची जागा उत्तरासाठी रिकामी ठेवली आहे. आपल्या मंडळाला अध्यक्ष नको, नियम नकोत असे ज्या मित्रांना अजूनही वाटते, त्यांनी गेल्या दोन वर्षांत आपल्याकडे येईनासे झालेल्यांची यादी करून पाहावी. ती करता येत नसेल, तर आपली बैठक कुणासाठी मोकळी आहे, हे त्यांनी आम्हाला सांगावे.